स्नायू म्हणजे ताणलेला दोरा: मस्क्युलोस्केलेटल अभ्यास कुठून सुरू करावा

पहिल्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षकांनी माझ्या हातात स्कॅप्युला (खांद्याच्या मागचं चपटं हाड) ठेवला. त्याला १७ स्नायू चिकटतात हे मला माहीत होतं, आणि त्यातले बरेचसे मी ओरिजिन-इन्सर्शनसकट (स्नायूची दोन टोकं हाडाला कुठे चिकटतात ते) धडाधड म्हणून दाखवले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा कुठल्या बाजूचा?" मला सांगता आलं नाही. हाड मी उलटं धरलं होतं.

तोपर्यंत मी हा विषय तक्त्यांमधून शिकत होते. ओरिजिन, इन्सर्शन, नर्व्ह सप्लाय (कुठली नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू, त्याला चालवते), ॲक्शन (तो काय हालचाल करतो) असे चार रकाने, आणि प्रत्येक स्नायूची एक ओळ. रात्री पाठ व्हायचं, आठवड्याने पुसलं जायचं. त्या व्हायव्हानंतर मी हाड, दोरा आणि स्वतःचं शरीर घेऊन हाच विषय पहिल्यापासून पुन्हा शिकले. तेव्हा कळलं की पहिले दोन रकाने नीट डोळ्यांसमोर असतील तर चौथा पाठ करावाच लागत नाही, आणि तिसऱ्यातला बराचसा भाग पाच-सहा नियमांत बसतो. वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला नुकतेच आलेल्यांसाठी तीच पद्धत क्रमाने लिहिते आहे.

जवळ काय काय हवं

- हाडांचा एक संच. प्लॅस्टिकचा चालेल, दोरे चिकटवायला तोच बरा.
- एक चांगला ॲटलास. एकच घ्या आणि शेवटपर्यंत तोच वापरा, म्हणजे चित्राची जागासुद्धा डोक्यात बसते.
- रंगीत दोरे किंवा इलॅस्टिक, आणि सहज निघणारी चिकटपट्टी.
- अंगावर खुणा करायला धुऊन जाणारी पेन्सिल.
- बिनरेघांची वही.
- आरसा, आणि एकमेकांवर तपासणीचा सराव करायला तयार असलेला एक मित्र किंवा मैत्रीण.

विभागातली खरी हाडं हाताळत असाल तर त्यांना चिकटपट्टी, शाई, पेन काहीही लावू नका. ती कुणा माणसाची आहेत. डिसेक्शन हॉलमधल्या देहाबद्दल जो आदर ठेवतो, तोच पेटीतल्या छोट्या कार्पल (मनगटाच्या) हाडाबद्दलही ठेवायचा.

१. आधी शब्दांचा घोळ मिटवा

बोलताना आपण खांद्यापासून बोटांपर्यंत सगळ्याला "हात" म्हणतो आणि खुब्यापासून खाली सगळा "पाय". ॲनाटॉमीत आर्म म्हणजे फक्त दंड, खांदा ते कोपर. त्याखाली फोरआर्म, आणि हँड मनगटापासून पुढे. तसंच लेग म्हणजे फक्त गुडघा ते घोटा. वरची ती मांडी. प्रश्नात "आर्मचे स्नायू" असं आलं आणि तुम्ही फोरआर्मचे लिहिले, तर चूक अभ्यासाची नसते, पण गुण जातात. मराठीतून विचार करणाऱ्या मुलांकडून हे फार वेळा होतं.

हालचालींच्या नावांत तीन ठिकाणी हमखास गोंधळ होतो.

अंगठा बाकीच्या बोटांच्या मानाने ९० अंशांत वळलेला आहे. त्यामुळे तळहातावरून आडवा सरकला की फ्लेक्शन (वाकणं) आणि तळहातापासून समोर उचलला की ॲबडक्शन (दूर जाणं). तळहात वर करून टेबलावर ठेवा आणि अंगठा छताकडे न्या. हे ॲबडक्शन. एकदा करून पाहिलं की विसरत नाही.

तळहात उलटसुलट करण्याची हालचाल, म्हणजे प्रोनेशन-सुपिनेशन, रेडियस आणि अल्ना या फोरआर्मच्या दोन हाडांच्या आपसातल्या सांध्यांत होते. मनगट त्यात फक्त सोबत फिरतं.

पाऊल आत-बाहेर वळवणं, म्हणजे इन्व्हर्जन-इव्हर्जन, मुख्यतः घोट्याच्या लगेच खालच्या सबटेलर सांध्यात होतं. घोट्याचा सांधा पाऊल वर-खाली करतो.

२. हाड हातात घ्या आणि बाजू ठरवा

प्रौढ शरीरात २०६ हाडं असतात, पण उजव्या-डाव्याच्या जोड्या आणि एकसारखे मणके बाजूला काढले की नीट शिकायची हाडं त्याहून खूपच कमी उरतात. प्रत्येक हाडासाठी स्वतःला तीनच प्रश्न विचारा. वर कुठलं टोक? पुढे कुठली बाजू? आत कुठली? उत्तरं मिळाली की हाड स्वतःच्या शरीरावर, ते जिथे असतं तिथेच धरा. व्हायव्हात पहिल्या दहा सेकंदांत परीक्षक हेच बघतात.

- स्कॅप्युला: स्पाइन (आडवी कड) मागे, ग्लिनॉइड (खांद्याच्या सांध्याचा खळगा) बाहेर, अणकुचीदार कोन खाली.
- क्लॅव्हिकल (गळपट्टीचं हाड): चपटं टोक बाहेर, आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगीर, सबक्लेव्हियस स्नायूची खाच खाली.
- फीमर (मांडीचं हाड): हेड (गोल डोकं) वर आणि आत, लिनिया ॲस्पेरा (खरखरीत उभी कड) मागे.
- टिबिया (नडगीचं हाड): नडगीची धार पुढे, मॅलिओलस (घोट्याचा उंचवटा) खाली आणि आत.
- फिब्युला (टिबियाच्या बाहेरचं बारीक हाड): यात सगळे अडकतात. खालच्या टोकाला आतल्या बाजूला सांध्याचा गुळगुळीत त्रिकोण असतो आणि त्याच्या मागे एक खड्डा. खड्डा मागे ठेवला की बाजू ठरते.

यानंतर हाडावरच्या खुणांकडे या. खुणांची यादी करू नका, प्रत्येक खुणेला "तू इथे का?" असं विचारा. उंचवटा दिसला तर तिथे काहीतरी ओढत होतं. खाच दिसली तर तिथून काहीतरी जात होतं. गुळगुळीत पृष्ठभाग दिसला तर तिथे दुसरं हाड येऊन टेकत होतं. ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) मागच्या बाजूची तिरपी खाच पाठ करण्याऐवजी तिथे रेडियल नर्व्हचा दोरा ठेवून बघा. पुढे पाचव्या टप्प्यात हाच दोरा पुन्हा भेटेल.

३. दोरा लावा आणि ओढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याची दोन टोकं जवळ येतात, एवढंच त्याला करता येतं. मधला सांधा कसा वळेल ते दोरा सांध्याच्या कुठल्या बाजूने जातो यावर ठरतं. खुब्याच्या पुढून गेला तर मांडी वर येईल. गुडघ्याच्या पुढून गेला तर गुडघा सरळ होईल, कारण गर्भात पाय आतल्या बाजूला फिरतो आणि गुडघ्याचं तोंड कोपराच्या उलट दिशेला येतं. म्हणून कोपरात पुढचे स्नायू वाकवतात आणि गुडघ्यात मागचे.

आता दंडाच्या पुढचा बायसेप्स घ्या. त्याचं खालचं टोक रेडियसच्या ट्यूबरॉसिटीवर (उंचवट्यावर) आहे. दोऱ्याचं टोक तिथे चिकटवा आणि रेडियस प्रोनेशनमध्ये फिरवा. ट्यूबरॉसिटी मागे जाते आणि दोरा हाडाभोवती गुंडाळला जातो. आता वरून ओढा. दोरा सुटताना रेडियसला उलटं फिरवतो. हेच सुपिनेशन. स्वतःवर पडताळा घ्या: कोपर ९० अंशांत वाकवा, दुसरा हात दंडावर ठेवा आणि तळहात जोर लावून वर फिरवा. दंडातली बेटकुळी टणक होते, कोपर जराही जास्त न वाकवता.

त्याच्या खालच्या ब्रेकियालिसला हे जमत नाही, कारण तो अल्नावर चिकटतो आणि अल्ना फिरत नाही. म्हणून तो निव्वळ वाकवतो, तळहात कुठेही असला तरी. दोन शेजारी स्नायू आणि एका हाडाचा फरक. तक्त्यात या दोन वेगळ्या ओळी होत्या आणि मी त्यांची अदलाबदल करत असे. दोरा लावल्यापासून एकदाही झाली नाही.

दुसरी गोष्ट, कुठलं टोक हलेल ते प्रसंगावर ठरतं. खुब्याच्या बाजूच्या ग्लुटियस मीडियसची ॲक्शन पुस्तकात "हिप ॲबडक्शन" अशी असते. पण दिवसभर तो मांडी बाहेर नेत बसत नाही. उजव्या पायावर उभे राहा आणि डावा उचला. मांडी जमिनीला खिळलेली आहे, त्यामुळे उजवा ग्लुटियस मीडियस आणि मिनिमस कमरेचं हाड उजवीकडे खेचून धरतात आणि डावी बाजू खाली पडू देत नाहीत. ते अशक्त असतील, किंवा त्यांची सुपिरियर ग्लुटियल नर्व्ह गेली असेल, तर डावी बाजू झुकते. ट्रेंडेलेनबर्ग चिन्ह म्हणतात ते हेच. बिघाड त्याच पायाचा असतो ज्यावर माणूस उभा आहे. परीक्षेत निम्मी मुलं इथे उलटी बाजू सांगतात. एकदा स्वतः उभं राहून बघितलेलं मूल सांगत नाही.

तिसरी, दोन सांधे ओलांडणारे स्नायू. मनगट पूर्ण आत वाकवा आणि मग घट्ट मूठ वळायचा प्रयत्न करा. जमत नाही. बोटं वाकवणारे स्नायू मनगटावरच आखडून गेलेले असतात आणि मागचे ताणून संपलेले असतात. मनगट थोडं मागे घ्या, मूठ लगेच घट्ट होते. यातून एक क्लिनिकल गोष्ट आपोआप कळते: रेडियल नर्व्ह गेली की मनगट लोंबतं, आणि बोटं वाकवणारे स्नायू शाबूत असूनही पकड ढिली होते.

रोज तीन किंवा चार स्नायूच दोऱ्याने करा. जास्त केले की हातातला दोरा पुन्हा तक्ता होतो.

४. नर्व्ह सप्लाय कप्प्याप्रमाणे लक्षात ठेवा

हाता-पायातले स्नायू पडद्यांनी वेगळ्या केलेल्या कप्प्यांत राहतात आणि बहुतेक कप्प्यांची नर्व्ह एकच असते. आधी कप्पे:

- दंड: पुढे मस्क्युलोक्युटेनियस, मागे रेडियल.
- फोरआर्म: पुढे मीडियन, मागे रेडियल.
- हँड: अल्नर.
- मांडी: पुढे फीमोरल, आत ऑब्चुरेटर, मागे सायॅटिकचा टिबियल भाग.
- लेग: पुढे डीप पेरोनियल, बाहेर सुपरफिशियल पेरोनियल, मागे टिबियल.

हे पक्कं झाल्यावरच अपवाद. फोरआर्मच्या पुढच्या बाजूला दीड स्नायू अल्नरकडे आहेत: फ्लेक्सर कार्पी अल्नारिस पूर्ण, आणि फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचा आतला अर्धा. हँडमध्ये पाच स्नायू मीडियनकडे: अंगठ्याच्या गादीतले तीन आणि बाहेरचे दोन लंब्रिकल (तळहातातले बारीक स्नायू). मांडीच्या मागे बायसेप्स फीमोरिसचं शॉर्ट हेड कॉमन पेरोनियलकडे. ॲडक्टर मॅग्नसला दोन नर्व्ह आहेत, कारण त्याचा एक भाग वागण्याने हॅमस्ट्रिंगच (मांडीच्या मागचा स्नायू) आहे.

सापळा असा की परीक्षेत अपवादच विचारतात, म्हणून मुलं अपवादांपासूनच सुरुवात करतात. नियम डोक्यात नसेल तर अपवाद लटकायला खुंटीच नसते.

ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हाताकडे जाणारं नर्व्हचं जाळं) रोज कोऱ्या पानावर काढा. पाच मुळं, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, पाच शेवटच्या शाखा. पहिल्या दिवशी अर्धा तास लागेल, पंधराव्या दिवशी दोन मिनिटं. पुस्तकात बघून काढलेलं मोजायचं नाही.

५. नर्व्ह हाडाला कुठे टेकते ते शोधा

आता दुसऱ्या टप्प्यातल्या खाचांकडे परत या. ह्युमरसला तीन ठिकाणी तीन नर्व्ह अगदी चिकटून जातात. सर्जिकल नेकजवळ (वरच्या टोकाखालच्या मानेजवळ) ॲक्सिलरी, मागच्या खाचेत रेडियल, मीडियल एपिकाँडाइलच्या (कोपराच्या आतल्या उंचवट्याच्या) मागे अल्नर. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या या तिसरीच्या. खाचेच्या पातळीवर हाड मोडलं तर मनगट लोंबतं, पण कोपर बहुधा सरळ करता येतं, कारण कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सच्या मुख्य शाखा त्याआधीच सुटलेल्या असतात. कुठे इजा झाली ते "काय शाबूत आहे" यावरून ठरतं, हे इथे शिकलात की पुढे न्यूरॉलॉजीतही कामी येतं.

मनगटाच्या कार्पल टनेलमधून नऊ टेंडन (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नर्व्ह जाते. नऊ म्हणजे बोटं वाकवणारे वरचे चार, खोल चार आणि अंगठ्याचा एक. नर्व्ह तिथे दबली तर अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. पण अंगठ्याच्या गादीवरची त्वचा बधिर होत नाही, कारण तिथली शाखा टनेलच्या वरून जाते.

पायात एकच जागा आधी पक्की करा: फिब्युलाची मान. गुडघ्याच्या बाहेर, थोडं खाली बोट फिरवलं तर हाडाचा गोळा लागतो. त्याच्या खाली कॉमन पेरोनियल नर्व्ह वळसा घालते. ती दबली तर पाऊल वर उचलता येत नाही. पण एल ५ चं (कमरेच्या पाचव्या नर्व्हचं) मूळ दबलं तरीही पाऊल लोंबतं. मग फरक कसा करायचा? पाऊल आत वळवायला सांगा. ते काम टिबियालिस पोस्टिरियर करतो, त्याची नर्व्ह टिबियल आणि मूळ मुख्यतः एल ५. पेरोनियल इजेत त्याची ताकद शाबूत असते, एल ५ च्या इजेत कमी होते. मला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तर आलं, कारण दोन्ही दोरे मी लावून पाहिले होते.

एक आकड्यांचा सापळा. मानेचे मणके सात आणि नर्व्ह आठ. मानेत नर्व्ह आपल्याच क्रमांकाच्या मणक्याच्या वरून निघते, सी ८ (मानेची आठवी नर्व्ह) पासून हिशेब बदलतो आणि खाली ती मणक्याखालून निघते. तरीही सी ५-६ ची चकती सरकली तर सी ६, आणि एल ४-५ ची सरकली तर बहुधा एल ५ दबते. कंबरेत असं का होतं ते चित्र काढूनच समजून घ्या: एल ४ चकतीच्या आधीच वर निसटलेली असते आणि एल ५ तिच्या मागून खाली जात असते.

६. स्वतःच्या अंगावर बोट ठेवा

आंघोळीनंतर पाच मिनिटं पुरतात. मान खाली घातल्यावर वर येणारा ठळक मणका, साधारण सी ७. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांचे माथे जोडणारी रेघ, साधारण एल ४. मांडीच्या वर बाहेरच्या बाजूला ग्रेटर ट्रोकँटर. गुडघ्याच्या वाटीच्या खाली टिबियल ट्यूबरॉसिटी.

अंगठा ताठ मागे न्या. त्याच्या मुळाशी दोन टेंडनमध्ये खळगा पडतो, ॲनाटॉमिकल स्नफबॉक्स. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड हे मनगटाचं छोटं हाड आहे. हात टेकून पडलेल्या माणसाला इथे दाबल्यावर दुखलं तर, पहिला एक्स-रे स्वच्छ असला तरी, स्कॅफॉइड मोडलेलं असू शकतं. हात स्थिर करून १० ते १४ दिवसांनी पुन्हा बघतात. या हाडाचा रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाने शिरून उलटा मागे येतो. मधे मोडलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहून मरू शकतो.

७. एक्स-रे लवकर सुरू करा

हाड शिकलात त्याच आठवड्यात त्याचा एक्स-रे बघा. नियम साधे आहेत: दोन दिशांनी काढलेले फोटो, आणि हाडाच्या वरचा-खालचा दोन्ही सांधे दिसायला हवेत.

मुलांच्या हाडांत वाढीची पट्टी काळी दिसते आणि नवख्याला ती फ्रॅक्चर वाटते. कोपराची हाड तयार होण्याची सहा केंद्रं क्रमाने पाठ करावीच लागतात: कॅपिटेलम, रेडियल हेड, मीडियल एपिकाँडाइल, ट्रॉक्लिया, ओलेक्रेनॉन, लॅटरल एपिकाँडाइल. वयं ढोबळमानाने १, ३, ५, ७, ९, ११. क्रम वयापेक्षा महत्त्वाचा. ट्रॉक्लियाचं केंद्र दिसतंय आणि मीडियल एपिकाँडाइल जागेवर नाही, तर सांध्यात दिसणारा तो तुकडा सुटून अडकलेला एपिकाँडाइल आहे का, हा विचार आधी करायचा.

८. तपासणीचा क्रम

बघा, चाचपा, हलवा. चांगली बाजू आधी. वरचा आणि खालचा सांधा तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या मुलाचा खुबा तपासायलाच हवा, कारण दोन्ही सांध्यांना ऑब्चुरेटर नर्व्हच्या शाखा जातात आणि खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं.

रुग्णाचे शब्द तपासून घ्या. "शीर दबली" म्हणणाऱ्याच्या मनात नर्व्ह असेल, टेंडन असेल किंवा रक्तवाहिनी. "उसण भरली", "गोळा आला", "मुंग्या येतात" या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. एका बोटाने जागा दाखवायला सांगा.

९. उजळणी

हिस्टॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या रचनेला) इथे फार वेळ लागत नाही. ऑस्टिऑन (हाडाचं सूक्ष्म एकक) आणि सार्कोमियर (स्नायूचं) न बघता काढता आले, आणि आकुंचनात सार्कोमियरचा आय बँड लहान होतो पण ए बँड तसाच राहतो हे समजलं, की पुढे जा.

बाकी उजळणीसाठी मी असं करते: सकाळी पुस्तक न उघडता कालचा एक प्रदेश कोऱ्या पानावर काढायचा, चुका लाल पेनाने, आणि तेच पान तीन दिवसांनी आणि दहा दिवसांनी पुन्हा. स्पॉटिंगसाठी (खूण ओळखण्याच्या परीक्षेसाठी) मैत्रिणीने खूण दाखवायची आणि तुम्ही ३० सेकंदांत नाव, चिकटणारा स्नायू आणि त्याची नर्व्ह सांगायची. मग अदलाबदल. दुसऱ्याला विचारताना आपल्याला काय येत नाही ते जास्त चटकन कळतं.

व्हायव्हाच्या आदल्या रात्री नवीन काही वाचू नका. हाडांची पेटी घ्या, डोळे मिटून एकेक उचला, स्पर्शाने बाजू ठरवा आणि अंगावर जागेवर धरा. सकाळी हाड हातात आलं की आधी नीट धरा, बाजू सांगा, आणि मगच स्नायूंकडे वळा.